शब्दाला बेडी आणि दगडाला मोकळीक

जळगांव शहराच्या कडेस असलेलें मेहरूण आमच्या वाचकांस तेथील तलावामुळें व बोरांमुळें ठाऊक आहे. थंडीच्या दिवसांत मेहरूणचीं बोरें बाजारांत आलीं म्हणजे विकणाराची जात कोणी पुसत नाहीं, घेणाराचा धर्म कोणी पुसत नाहीं. बोर गोड आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें. परंतु याच मेहरूणांत, किंवा खानदेशांतील दुसऱ्या कोणत्याही वस्तींत, उद्यां पुढील प्रसंग घडला असें वाचकांनीं क्षणभर मनांत आणावें. एका तरुणानें रात्रीं आपल्या मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या. त्यांत कोणास मारा किंवा कोणाचें घर जाळा असें कांहीं नाहीं. एखाद्या पुढाऱ्याबद्दल अथवा सरकारच्या एखाद्या निर्णयाबद्दल त्याचें जें मत आहे तें त्यानें लिहिलें आहे. तें मत चुकीचें असेल, कदाचित् उद्धटपणाचेंही असेल. सकाळीं पोलीस ठाण्याच्या दारांत शेंदोनशें माणसें जमतात, ‘आमच्या भावना दुखावल्या, त्याला आधीं आंत टाका’ असा घोष करितात, आणि त्यांतील पांचपंचवीस जण तेवढ्या वेळांत त्या तरुणाच्या चुलत्याचें दुकान फोडून येतात. आतां ठाण्यावरील अधिकाऱ्यानें प्रथम कोणाच्या हातांत बेडी घालावी?

प्रश्न सोपा दिसतो. परंतु आमच्या राज्यांत त्याचें उत्तर उलटें दिलें गेल्याचा दाखला सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजीं शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचें मुंबईंत निधन झालें. दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, त्यांची अंत्ययात्रा निघाली व मुंबई आणि आसपासचीं गांवें बंद राहिलीं. त्या वेळीं ठाणे जिल्ह्यांत मोडणाऱ्या पालघर येथील एका एकवीस वर्षांच्या मुलीनें फेसबुकवर अशा अर्थाचा मजकूर लिहिला कीं, माणसें रोजच मरतात व जगाचा व्यवहार चालूच राहतो. आजचा बंद आदरापोटीं नसून भीतीपोटीं आहे. तिच्या एका मैत्रिणीनें त्या मजकुरास पसंतीची खूण केली. एवढाच काय तो अपराध. लोक खवळले, मुलीनें मजकूर काढून टाकला व क्षमाही मागितली, तरी जमाव जमावयाचा तो जमलाच. तिच्या चुलत्याच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. ज्या चुलत्यानें एक अक्षरही लिहिलें नव्हतें त्याच्या खाटा व यंत्रें फुटलीं, आणि १९ नोव्हेंबर रोजीं अटक झाली ती त्या दोन मुलींना! मोडतोड करणाऱ्यांपैकीं कांहींना पकडण्यांत आलें तें मागाहून, देशभर ओरड झाल्यावर.

या अटकेस आधार म्हणून पोलिसांनीं जीं कलमें शोधलीं त्यांचा इतिहास वकिलीचा धंदा केलेल्या कोणासही खिन्न करील. प्रथम लावलें दंडविधानाचें कलम २९५-अ. धर्माचा किंवा धर्मश्रद्धेचा बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूनें अपमान करणें हा त्या कलमाचा विषय. पालघरच्या मजकुरांत धर्म होता कोठें? राजकीय पुढाऱ्याच्या निधनानंतर पाळलेला बंद म्हणजे कांहीं धर्म नव्हे. हें लक्षांत आल्यावर तें कलम काढून ५०५ (२) व माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ अशीं दोन कलमें घालण्यांत आलीं. त्यांपैकीं ५०५ (२) मध्यें वर्गावर्गांत वैर किंवा द्वेष उत्पन्न करण्याची गोष्ट आहे. येथें ते दोन वर्ग कोणते? दुकान बंद ठेवणारे आणि उघडें ठेवूं इच्छिणारे असे दोन धर्म अद्याप निघालेले आमच्या ऐकिवांत नाहींत. सारांश, आधीं माणूस धरावयाचा आणि मग त्याच्या मापाचें कलम शोधावयाचें असा हा उलटा व्यवहार झाला. शिंप्यानें अंगरखा आधीं शिवून मग गिऱ्हाइकाचे हात कापावे, त्यांतलाच हा प्रकार.

आमच्या व्यापारी वाचकांनीं या ठिकाणीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बंद हा भीतीचा असतो हें त्या मुलीचें म्हणणें नवें नव्हतें. पक्षांनीं सक्तीनें बंद पाडणें घटनेस धरून नाहीं असें न्यायालयांनीं पूर्वींच ठरविलें होतें. आणि ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांस प्रत्येकीं २० लाख रुपये भरण्याची आज्ञा मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००४ सालीं केली होती. म्हणजे उच्च न्यायालयानें निकालपत्रांत जो विचार मांडला, त्याच्याच जवळपासचा विचार एका मुलीनें आपल्या घरीं बसून लिहिला, तर तिला ठाण्यावर नेण्यांत आलें. फळी लावून बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर वर्षांतून दोनचार वेळां येतो, त्यांना तरी हें निराळें समजावून सांगणें नको.

पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. नाहीं तर चित्र अपुरें राहील. दोघींची प्रत्येकीं पंधरा हजारांच्या जामिनावर सुटका झाली. चौकशी झाली. २७ नोव्हेंबर २०१२ रोजीं ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक व पालघरचे निरीक्षक यांना निलंबित करण्यांत आलें. ज्या मॅजिस्ट्रेटापुढें त्या मुलींना उभें केलें होतें त्यांची बदली उच्च न्यायालयानें आमच्या जळगांवास केली. मुलींवरील खटला पुढें चालला नाहीं. याच प्रकरणानें अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजीं न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांनीं कलम ६६-अ संपूर्णपणें रद्द केलें. ‘चीड आणणारा’, ‘गैरसोय करणारा’ असे शब्द ज्या कलमांत आहेत त्यांत कोणास गोंवतां येणार नाहीं? चर्चा करणें, एखाद्या मताचा पुरस्कार करणें आणि चिथावणी देणें या तीन निराळ्या गोष्टी असून, कायद्याचा हात तिसऱ्या पायरीवरच पडूं शकतो, असें त्या निकालाचें सार आहे. इतकें होऊनही पोलीस ठाण्यांतील संवय मोडली नाहीं. रद्द झालेल्या कलमाखालीं गुन्हे नोंदणें चालूच राहिलें, आणि तीं प्रकरणें बंद करा अशी आज्ञा सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्यें पुन्हां करावी लागली. मेलेलें कलमही ज्या खात्यांत सात वर्षें चालतें, त्या खात्याला नुसतें जिवंत कायदे शिकवून भागणार नाहीं.

असें कां होतें? पोलीस अधिकारी सगळे दुष्ट असतात असें म्हणणें सोपें आहे. परंतु तें खरें नाहीं. ठाण्यांत हाताशीं दहा शिपाई, दारांत शेंकडों माणसें, आणि टेलिफोनवर कोणी तरी वजनदार गृहस्थ, अशा वेळीं अधिकाऱ्याच्या मनांत येतें कीं, एका पोराला आंत घेतलें तर गांव शांत राहील. त्याचा हेतू पुष्कळदां शांतता राखण्याचाच असतो. पण या शांततेची किंमत दुसऱ्याच्या खिशांतून चुकती होते. शिवाय ती शांतता टिकतही नाहीं. दारांत जमून आरडाओरड केली कीं पाहिजे तो माणूस पकडून मिळतो, हा धडा जमाव एकदां शिकला म्हणजे पुढच्या वेळीं तो अधिक मोठा होऊन येतो. आज एका बाजूचा जमाव येईल, उद्यां दुसऱ्या बाजूचा. मग गुन्हा कोणता हें ठरविणार कोण? कायदेपुस्तक नव्हे, तर दारांतील डोकीं मोजून तें ठरणार.

याला दुसरेंही एक कारण आहे आणि तें अधिक खोल आहे. दुखावलेल्या भावनेचें माप घेतांना, लिहिणाराचें नांव काय हें पाहिलें जातें. एकच वाक्य एका नांवाखालीं मत ठरतें आणि दुसऱ्या नांवाखालीं कट ठरतो. ही आमची नुसती शंका नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यांतील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकानें व्हॉट्सॲपवर ५ ऑगस्ट हा काश्मीरसाठीं काळा दिवस असल्याचें लिहिलें व १४ ऑगस्टला पाकिस्तानास स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्याच्यावर कलम १५३-अ खालीं गुन्हा नोंदला गेला. ७ मार्च २०२४ रोजीं न्यायमूर्ती ओक व न्यायमूर्ती भुयां यांनीं तो रद्द करतांना स्पष्ट सांगितलें कीं, सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. आणि एखादा मनुष्य अमुक धर्माचा आहे एवढ्यावरून त्याच्या माथीं वाईट हेतु मारतां येत नाहीं. आमच्या पोलिसांस भाषणस्वातंत्र्याचें शिक्षण देण्याची वेळ आली आहे, असेंही त्यांनीं म्हटलें. आम्हांस त्या गृहस्थाचें मत पटतें कीं नाहीं हा येथें प्रश्नच नाहीं. आम्ही राष्ट्रवादी आहों, आणि म्हणूनच म्हणतों कीं, चार शब्दांनीं ढासळेल इतकें आमचें राष्ट्र कच्चें नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. शब्दांनींच दंगली पेटतात. तेव्हां ठिणगी पडतांच ती विझवावयाची नाहीं काय? हा प्रश्न जळगांवच्या माणसानें विचारला तर त्यास तसा अधिकार आहे. ७ मे १९७० रोजीं भिवंडींत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं दंगल उसळली आणि दुसऱ्याच दिवशीं, ८ मे रोजीं, ती आग आमच्या शहरांत पोंचली. जळगांवांत ४३ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ४२ मुसलमान होतीं. ज्या घरांतून त्या दिवशीं प्रेतें निघालीं, त्या घरांना शब्दाचें सामर्थ्य आम्हीं सांगावयास नको. परंतु त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानें जें लिहून ठेविलें आहे, तें नीट वाचलें पाहिजे. भिवंडीच्या गुन्ह्यांचा तपास करण्यासाठीं नेमलेल्या खास पथकानें एका समाजाविरुद्ध पक्षपातानें तपास केला व खोटीं प्रकरणें उभीं केलीं, असा ठपका त्या आयोगानें ठेविला. म्हणजे दंगलीनें एकदां मारलें आणि तपासानें दुसऱ्यांदां.

आमच्या शेजारच्या धुळ्याचा अनुभव तर कालपरवांचा आहे. ६ जानेवारी २०१३ रोजीं हॉटेलांतील किरकोळ पैशांच्या भांडणावरून तेथें दोन जमाव एकमेकांवर धांवून गेले. पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत सहा तरुण प्राणास मुकले; सहाही एकाच समाजाचे. मागाहून ज्या चित्रफिती बाहेर आल्या त्यांत वर्दींतील माणसेंच मालमत्तेची नासधूस करतांना दिसलीं, आणि कांहीं पोलिसांना अटक करण्याची पाळी त्यांच्याच खात्यावर आली. पालघरचा मजकूर व धुळ्याची गोळी या दोन गोष्टी एका तागडींत बसत नाहींत हें आम्ही जाणतों. पण दोन्हींचें मूळ एकच आहे. समोरचा माणूस काय करतो आहे हें न पाहतां, तो कोणाचा आहे व त्याच्या पाठीशीं किती लोक आहेत हें पाहून कायदा चालविला, म्हणजे शांत काळीं शब्दाला बेडी पडते आणि दंगलीच्या काळीं नको त्याच्यावर बंदूक रोखली जाते.

तेव्हां आमचें म्हणणें असें नाहीं कीं, कोणासही कांहींही बोलूं द्यावें. ‘अमक्यांना हाकला, तमक्यांचीं दुकानें जाळा’ असें व्यासपीठावरून सांगणाऱ्याला मोकळा सोडणें हें भाषणस्वातंत्र्य नव्हे, ती शासनाची गैरहजेरी आहे. अशा द्वेषमूलक भाषणाविरुद्ध कोणी तक्रार केली नाहीं तरी, बोलणाराचा धर्म न पाहतां, पोलिसांनीं आपण होऊन गुन्हा नोंदवावा, अशी आज्ञा सर्वोच्च न्यायालयानें २८ एप्रिल २०२३ रोजीं सर्व राज्यांस केली. आम्हांस पाहिजे तें एवढेंच कीं, चिथावणी आणि नावड यांमधील रेघ पोलिसांनीं ओळखावी. ही रेघ ओळखण्याची कसोटीही आमच्याच मुलखांत घडलेली आहे. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनीं स्वराज्याच्या उंबरठ्यावर असें सांगून ठेविलें कीं, शब्दांचा परिणाम मोजतांना समंजस, खंबीर व धैर्यशाली माणसाचें मन प्रमाण मानावें; दुर्बळ, डळमळीत आणि प्रत्येक विरोधी मतांत संकट पाहणाऱ्या माणसाचें नव्हे. पुढें सर्वोच्च न्यायालयानें हेंच माप वारंवार उचलून धरिलें. २८ मार्च २०२५ रोजीं एका कवितेवरून गुजरातेंत नोंदलेला गुन्हा रद्द करतांनाही त्यानें तेंच लाविलें.

ही कसोटी न पाळल्यास काय होतें हें महाराष्ट्रास नव्यानें शिकण्याची गरज नाहीं. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हां न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनीं सरकारविषयीं प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीति असा अर्थ ज्यूरीस सांगितला. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले, आणि टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. लगेच १८९८ सालीं परकी सरकारनें राजद्रोहाचें कलम रुंदावलें व त्याच्याच जोडीस वर्गावर्गांतील द्वेषाचें कलम १५३-अ आणून बसविलें; २९५-अ त्यांत १९२७ सालीं येऊन मिळालें. १ जुलै २०२४ पासून जुनें दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तींत हींच कलमें १९६, २९९ व ३५३ या क्रमांकांनीं नांदत आहेत. क्रमांक बदलले, चालविणाराची नजर बदलली नाहीं, तर आपण मिळविलें काय? ज्या खानदेशांत १९३६ सालीं फैजपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें, ज्या धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीता सांगितली व साने गुरुजींनीं ती उतरून घेतली, त्या खानदेशानें हा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांनीं तुरुंगाच्या वाटा झिजविल्या त्या, मत बोलल्याबद्दल आपल्याच मुलांना ठाण्यावर बसविण्यासाठीं खचित नव्हत्या.

आतां कर्तव्य काय तें सांगतों. पोलिसांस नवा कायदा करून मागण्याची जरूरी नाहीं. हातांतला पाळला तरी पुरे आहे. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) मध्यें आहे. बोलण्यालिहिण्याच्या गुन्ह्यांत ती चौकशी आधीं करणेंच योग्य, असें गुजरातच्या वरील प्रकरणांत न्यायालयानें सांगितलें. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही यांत्रिकपणें करावयाची वस्तु नव्हे, तिचीं कारणें लिहून ठेविलीं पाहिजेत, हें २ जुलै २०१४ च्या अर्नेशकुमार प्रकरणांत ठरलेलें आहे. मग ठाण्याच्या दारांत जमाव उभा असतां अधिकाऱ्यानें करावयाचें तें इतकेंच: फिर्याद लेखी घ्यावी, लिहिणाराच्या घरास व दुकानास आधीं पहारा द्यावा, दगड मारणाराचा गुन्हा त्याच घटकेस नोंदवावा, आणि मजकुरांत चिथावणी आहे कीं नाहीं याचा विचार जमाव पांगल्यावर, थंड डोक्यानें, वरिष्ठांच्या व सरकारी वकिलाच्या सल्ल्यानें करावा. मोडतोडीची भरपाई करणाराकडूनच वसूल करण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालींच घालून दिले आहेत. त्यांचा उपयोग एकदां झाला म्हणजे दगड उचलण्यापूर्वीं माणूस खिसा चांचपूं लागेल.

पण सारा भार पोलिसांवर टाकून आपण नामानिराळें राहणें बरें नव्हे. जो अधिकारी जमावास ‘नाहीं’ म्हणतो, त्याची दुसऱ्या आठवड्यांत बदली झाली तर बाजारपेठ काय करिते? फळ्या उघडते आणि धंद्यास लागते! आम्हांस वाटतें कीं, आमच्या व्यापारी मंडळांनीं व मोहल्ल्यामोहल्ल्यांतील शांतता समित्यांनीं अशा अधिकाऱ्याच्या पाठीशीं उघडपणें, लेखी ठराव करून उभें राहावें. ज्यांच्या भावना खरोखर दुखावल्या असतील त्यांनीं दोघां-तिघांनीं जाऊन तक्रार द्यावी, उत्तर लिहावें, सभा भरवावी. दोनशें जणांनीं ठाण्यास गराडा घालूं नये. आणि लिहिणाऱ्या तरुणांसही आमचें सांगणें आहे कीं, हक्क आहे म्हणून दुसऱ्याच्या देवावर व दुःखावर थुंकणें हें शौर्य नव्हे. मात्र ही गोष्ट घरच्या वडिलांनीं, गुरुजींनीं व शेजाऱ्यांनीं शिकवावयाची आहे. हातकडीनें ती शिकवितां येत नाहीं.

मेहरूणच्या त्या कल्पिलेल्या सकाळीं ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यास आम्ही शेवटीं एवढेंच विचारतों: आपल्या हातांत एकच बेडी आहे असें समजा. समोर एका बाजूस दोन ओळी लिहिलेला मुलगा आहे आणि दुसऱ्या बाजूस ज्याच्या हातांत अजून दगड आहे असा इसम आहे. दोघांचीं नांवें विचारण्यापूर्वीं त्या बेडीचा निर्णय आपणास करतां आला, तर या शहरांतील दोन्ही समाजांचीं माणसें आपल्या ठाण्यावर विश्वास ठेवतील. आणि नांवें ऐकल्यावांचून तो करतां येत नसेल, तर अंगावरील वर्दी कोणासाठीं आहे याचा जाब आपणांस जनतेपुढें द्यावा लागेल.